नऊ धावा आणि समोरची टीम

शाहूपुरीतल्या जुन्या माणसांकडून ४४३ हा आकडा ऐकला नाही असा आमच्या पिढीत कोणी नसेल. भाऊसाहेब निंबाळकर कोल्हापूरचे. त्यामुळे पुण्यात डिसेंबर १९४८ मध्ये त्यांनी काढलेली प्रत्येक धाव आपल्याच घरात आल्यासारखी हे लोक सांगत. रणजीचा सामना, समोर काठियावाड. दुसऱ्या विकेटसाठी भांडारकरांबरोबर ४५५ धावांची भागी, त्यात भांडारकरांच्या २०५. महाराष्ट्र ४ बाद ८२६. ब्रॅडमनच्या नाबाद ४५२ ची बरोबरी व्हायला फक्त नऊ हव्या होत्या आणि तेवढ्यात काठियावाडच्या कप्तानांनी, राजकोटच्या ठाकूरसाहेबांनी, सामनाच सोडून दिला.

इथं ऐकणारे चिडत. आबा चिडत नसत. पेठेतल्या क्लबाचं चिटणीसपण त्यांनी बरीच वर्षं सांभाळलं होतं, त्यामुळे ते गोष्टीकडे दुसऱ्या टोकाकडून बघत. "आरं, बॅट्समनला बॉल टाकायला कुणीतरी हुबं पायजे न्हवं? समोरची टीम शेवटपर्यंत ग्राउंडवर ठेवणं, हे चिटणिसाचं काम."

या कामाचे तपशील मला पाठ आहेत. मॅटिंग अंथरून खिळे ठोकायचे, पाहुण्या संघाला आधी चहा द्यायचा, अंपायरचा निर्णय आपल्याविरुद्ध गेला तरी आपल्याच पोरांना दटावायचं. १८९५ मध्ये शाहू महाराजांनी वसवलेली ही व्यापारी पेठ. गुळाच्या अडतीवर जाऊन वर्गणी मागताना आबा आपल्या विजयांच्या गोष्टी सांगत नसत. या मोसमात कुठले संघ खेळायला येणार, ते सांगत. कोल्हापूर मुळात फुटबॉलचं आणि पेठापेठांच्या ईर्ष्येचं. अशा गावात हरणाऱ्या संघाला दिवसभर उन्हात थांबवून धरणं सोपं नव्हतं.

भाऊसाहेबांना एकही अधिकृत कसोटी मिळाली नाही, याचं दुःख मात्र आबांनाही होतं. महाराष्ट्र, बडोदा, होळकर, रेल्वे अशा संघांकडून इतकी वर्षं खेळलेल्या माणसाला एक संधी देता आली नाही, हे ते कधीच समजावून घेऊ शकले नाहीत. मलाही ते पटत नाही. ११ डिसेंबर २०१२ ला, त्र्याण्णवाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, भाऊसाहेब कोल्हापुरातच गेले. प्रथम श्रेणीत भारतीयाची सर्वोच्च खेळी आजही तीच आहे. निवड समित्या बदलत गेल्या, आकडा तिथंच राहिला.

तो आकडा क्रिकेटच्या कुठल्याही पुस्तकात सापडतो. पेठेतल्या चिटणिसांची, स्कोअररची आणि मॅटिंगवाल्यांची नावं तिथं मिळायची नाहीत. ती जुन्या स्कोअरबुकांच्या पानांवर, सह्यांच्या जागी आहेत. गुळाचा बाजार मार्केट यार्डात गेला, जुनी घरं पाडली जाताहेत, आणि घर रिकामं करताना अशा वह्या रद्दीत जातात. शाहूपुरीच्या गल्ल्यांत ज्यांच्या माळ्यावर त्या असतील, त्यांनी एवढ्या दिवाळीच्या साफसफाईत तरी बाजूला काढून ठेवाव्यात. मी येऊन घेऊन जाईन.