पालकाचें कूळ

कोल्हापुरांत मंगळवार पेठेंतील घरांतून पालकाची पातळ भाजी आजहि होते: चण्याची डाळ, शेंगदाणे, आंबट ताक आणि वर लसणाची फोडणी. या नित्याच्या भाजीचें कूळ आम्ही शोधूं गेलों, तों मौज आढळली. पाश्चात्त्य ग्रंथांत जिची थोरवी गाइलेली असते ती भाजी मूळची इराणची. इ. स. ६४७ मध्यें ती नेपाळमार्गें चीनला पोहोंचली व तेथें 'इराणी भाजी' म्हणूनच ओळखली गेली. आपला देशी पालक बहुधा बीटाचा भाऊबंद आहे. सोळाव्या शतकांतील भावप्रकाशानें पालंक्येचें रूप चाकवतासारखें सांगितलें. आणि आज वनस्पतिशास्त्रहि चाकवत, बीट व इराणी पालक यांस एकाच कुळांत बसवितें!

परंतु थोरवीचा हिशेब नीट व्हावयास हवा. १०० ग्रॅम इराणी पालकांत लोह सुमारें २.७ मिलिग्रॅम, त्यांतलेंहि थोडेंच अंगीं लागतें. फिकट पडलेल्या मुलीच्या पानांत पालक वाढून आई निश्चिंत होते. ती निश्चिंती खरी नव्हे. तिला वैद्यास दाखविलेंच पाहिजे. पानांतल्या ऑक्झॅलिक आम्लास ताकांतलें चुन्याचें सत्त्व पोटांतच बांधून टाकतें, ही आजीबाईंची पुण्याई; लोह अंगीं लागावें म्हणून मात्र ताकाऐवजीं लिंबू पिळावें. फोलेट व 'अ' जीवनसत्त्व यांकरितां पालक अवश्य खावा. भाजीस भाजीचा मान द्यावा, औषधाचा भार तिच्यावर घालूं नये.