डुलुथ–सुपीरिअर
अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील एक मोठे अंतर्गत सरोवरी बंदर. हे सुपीरिअर सरोवराच्या पश्चिम टोकाशी, सेंट लूइस नदीच्या मुखाजवळ वसले असून त्याचा डुलुथ हा भाग मिनेसोटा राज्यात, तर सुपीरिअर हा भाग विस्कॉन्सिन राज्यात मोडतो. सु. १६ किमी. लांबीच्या वाळूच्या दांड्यामुळे बंदरास वादळी लाटांपासून संरक्षण मिळते. नैसर्गिक प्रवेशमार्ग सुपीरिअरच्या बाजूस होता. डुलुथकरांनी १८७१ मध्ये दांडा फोडून स्वतंत्र कालवा काढला. नदीचा प्रवाह तिकडे वळून जुना मार्ग गाळाने भरेल, या भीतीने विस्कॉन्सिनने दावा केला. परंतु संघीय शासनाने कालव्याचे काम स्वतःकडे घेतल्यामुळे १८७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. पुढे दोन्ही मार्ग वापरात राहिले.

१८९२ पासून मेसाबी भागातील लोहखनिजाची निर्यात सुरू झाल्यावर बंदराची भरभराट झाली. खनिजाच्या रेल्वे वाघिणी उंच धक्क्यांवर नेऊन रिकाम्या करीत व तेथून खनिज घसरपट्ट्यांवाटे जहाजांत पडे. उच्च प्रतीचे खनिज घटल्यावर टॅकोनाइटच्या गोळ्यांनी त्याची जागा घेतली. धान्य व कोळसा हेही येथील प्रमुख माल होत. सेंट लॉरेन्स जलमार्गाने (१९५९) बंदर अटलांटिकशी जोडले गेले. हिवाळ्यात सू येथील जलपाश बंद होताच सरोवराबाहेरील वाहतूक थांबते. येथून टॅकोनाइट घेऊन निघालेले ‘एडमंड फिट्झजेरल्ड’ हे जहाज १० नोव्हेंबर १९७५ रोजी वादळात बुडून त्यावरील सर्व २९ जण मृत्युमुखी पडले.