क्रिकेट सांख्यिकी व अल्प नमुना

क्रिकेटमधील धावा, बळी, षटके, झेल इ. घटनांची पद्धतशीर नोंद ठेवून तीवरून खेळाडूची गुणवत्ता व मैदानाचे स्वरूप यांविषयी अनुमान काढण्याची रीत म्हणजे क्रिकेट सांख्यिकी होय. नोंद पूर्णतः अचूक असू शकते. अनुमान मात्र ते ज्या डावांवर आधारलेले असते, त्यांच्या संख्येवर अवलंबून राहते आणि ही संख्या क्रिकेटमध्ये बहुधा फार लहान असते. वर्षाकाठी कसोटी फलंदाजाला वीस डाव लाभले, तरी ते पुष्कळ म्हणावे लागतात. त्यांतून परदेशातील डाव, चौथ्या दिवसाच्या खेळपट्टीवरील डाव, विशिष्ट मैदानावरील डाव असे पोटविभाग पाडले की, प्रत्येकात चार-दोन डावच उरतात. या प्रश्नाची उत्कृष्ट उदाहरणे विदर्भाच्या, विशेषतः नागपूरच्या, क्रिकेटमध्ये आढळतात.

प्रारंभी इंग्लंडमध्ये काठीवर खाचा पाडून धावा मोजीत असत. सॅम्युअल ब्रिचर याने १७९० पासून सामन्यांचे धावफलक छापून प्रसिद्ध केले. १८६४ मध्ये विस्डेनचे वार्षिक सुरू झाले. बेसबॉलच्या सांख्यिकीचा जनक मानला जाणारा हेन्री चॅडविक (१८२४–१९०८) हा मूळचा इंग्रज व न्यूयॉर्कमधील क्रिकेटचा वार्ताहर होता. सामन्याचा गोषवारा तक्त्यात मांडण्याची कल्पना त्याने क्रिकेटवरूनच घेतली. पुढे या विषयातील महत्त्वाचे सैद्धांतिक काम बेसबॉलमध्ये झाले, हे सकारण आहे. बेसबॉलचा व्यावसायिक फलंदाज एका हंगामात पाचशेहून अधिक वेळा फलंदाजीस येऊ शकतो. तितके डाव कसोटी खेळाडूला उभ्या कारकिर्दीतही मिळत नाहीत.

क्रिकेटच्या धावसरासरीचा गणिती विचार १९४५ मध्ये रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या नियतकालिकात विल्यम एल्डर्टन व जॉर्ज वुड यांनी केला. फलंदाजाच्या निरनिराळ्या डावांतील धावसंख्या स्थूलमानाने गुणोत्तर श्रेणीचे अनुसरण करतात, असे वुडने दाखविले. शून्यावर बाद होण्याचे प्रमाण या श्रेणीने सांगितल्यापेक्षा प्रत्यक्षात अधिक असते. तथापि व्यवहारात हा नियम उपयुक्त आहे. त्यानुसार ४० ची खरी क्षमता असलेल्या फलंदाजाचे निम्मे डाव २८ धावांच्या आतच आटोपतात व साधारणतः बारा डावांत एक शतक होते. याहून महत्त्वाची बाब अशी की, अशा श्रेणीत धावांचे प्रमाण विचलन जवळजवळ सरासरीइतकेच असते. म्हणून सरासरीला डावांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागले असता तिची प्रमाण त्रुटी मिळते. ४० च्या फलंदाजाच्या बाबतीत ही त्रुटी १०० डावांनंतर ४ धावा, परंतु १६ डावांनंतर १० धावा इतकी असते. अर्थात सोळा डावांत ३० व ५० अशी सरासरी असलेले दोन फलंदाज प्रत्यक्षात समान क्षमतेचे असणे मुळीच अशक्य नाही. निवड समितीच्या बैठकीत मात्र त्यांपैकी एक संघात राहतो व दुसरा बाहेर जातो.

नागपूरला जन्मलेले व भारताचे पहिले कसोटी कर्णधार झालेले सी. के. नायडू (१८९५–१९६७) यांची कसोटी सरासरी २५·०० आहे. ती १९३२ ते १९३६ या काळातील ७ सामन्यांच्या १४ डावांतील ३५० धावांवरून काढलेली आहे. पहिल्या कसोटीच्या वेळी ते छत्तीस वर्षांचे होते व अखेरच्या कसोटीच्या वेळी चाळीस वर्षांचे. प्रथम श्रेणीच्या २०७ सामन्यांत त्यांनी ११,८२५ धावा ३५·९४ च्या सरासरीने केल्या. ३६ हीच त्यांची खरी क्षमता मानली, तरी १४ डावांची प्रमाण त्रुटी सुमारे १० धावांची येते. म्हणजे २५ हा आकडा त्या क्षमतेशी विसंगत ठरत नाही. प्रथम श्रेणीतील गोलंदाजी कसोटीच्या तोडीची नसे, हे लक्षात घेतल्यास विसंगती आणखी कमी होते. नव्या पिढीतील वाचक कोष्टकात २५·०० पाहून नायडूंच्या कीर्तीविषयी साशंक होतो. पण चौदा डावांवरून ती कीर्ती खोडून काढता येत नाही.

याच्या उलट टोकाला वेस्ट इंडीजचा अँडी गँटोम आहे. १९४८ मध्ये इंग्लंडविरुद्ध पोर्ट ऑफ स्पेन येथे एकमेव कसोटी डाव खेळून त्याने ११२ धावा केल्या. त्याची ११२ ही सरासरी डॉन ब्रॅडमनच्या ८० डावांतील ९९·९४ हून मोठी आहे. म्हणूनच सरासरीच्या क्रमवार याद्यांत किमान वीस डावांची अट घालण्याचा प्रघात पडला. ही अट हास्यास्पद तुलना टाळते, एवढेच तिचे प्रयोजन. एकविसाव्या डावाला आकडा एकाएकी विश्वसनीय होतो, असा तिचा अर्थ नव्हे.

मुंबईचे विनोद कांबळी यांचे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे. १९९३ मधील पहिल्या सात कसोटींत, आठ डावांमध्ये, त्यांनी ७९३ धावा केल्या. त्यांत मुंबईस इंग्लंडविरुद्ध २२४, दिल्लीस झिंबाब्वेविरुद्ध २२७ आणि श्रीलंकेत दोन शतके होती. सरासरी ११३·२९ झाली. नंतरच्या दहा कसोटींतील तेरा डावांत त्यांच्या २९१ धावा, म्हणजे सरासरी २२·३८, झाल्या. एकूण सरासरी ५४·२० राहिली व १९९५ नंतर त्यांना कसोटी खेळावयास मिळाली नाही. अशा चढउतारात यदृच्छेचा भाग मोठा असतो, हे खरे. परंतु एवढी तफावत केवळ यदृच्छेवर घालणे कठीण आहे. १९९४ च्या अखेरीस वेस्ट इंडीजच्या वेगवान माऱ्यापुढे त्यांना यश लाभले नाही, ही खेळातूनच दिसणारी बाब आहे. मात्र कारकिर्दीचे दोन भाग नेमके शिखरापाशी कापले गेले आहेत, हेही विसरता कामा नये. आकडे पाहून मग रेषा ओढली की, रेषेच्या दोन्ही बाजूंचे अंतर नेहमीच वाढून दिसते.

अशाच रेषा मैदानांच्या बाबतीतही ओढल्या जातात. ‘नागपूर येथील कामगिरी’ असा स्तंभ अनेक कोष्टकांत असतो. वस्तुतः नागपूर हे एक कसोटी मैदान नसून दोन आहेत. सिव्हिल लाइन्समधील विदर्भ क्रिकेट संघटनेच्या मैदानावर ऑक्टोबर १९६९ मध्ये न्यूझीलंडविरुद्ध पहिली कसोटी झाली व मार्च २००६ मध्ये इंग्लंडविरुद्ध अखेरची. अशा एकूण नऊ कसोटींपैकी पाच अनिर्णित राहिल्या; भारताने दोन जिंकल्या व दोन गमावल्या. वर्धा मार्गावरील जामठा येथील नव्या मैदानावर नोव्हेंबर २००८ ते फेब्रुवारी २०२३ या काळात सात कसोटी झाल्या. त्यांपैकी भारताने पाच जिंकल्या, एक गमावली व केवळ एक अनिर्णित राहिली. दोन्ही मैदाने एकत्र केल्यास सोळांपैकी सहा सामने अनिर्णित, असे प्रमाण निघते. ते यांपैकी कोणत्याही मैदानाचे वर्णन करीत नाही.

फलंदाजांच्या बाबतीत हाच घोटाळा होतो. इंग्लंडच्या ॲलेस्टर कुकने २००६ मध्ये सिव्हिल लाइन्सवर कसोटी पदार्पण करताना ६० व नाबाद १०४ धावा केल्या. २०१२ मध्ये जामठ्याला तो १ व १३ धावांवर बाद झाला. ‘नागपूर’ या शीर्षकाखाली त्याची सरासरी ५९·३३ येते. चार डाव, दोन निराळ्या खेळपट्ट्या आणि मध्ये सहा वर्षांचे अंतर असलेल्या या आकड्याला दोन दशांश स्थळांची शोभा कशासाठी द्यावी, हा प्रश्नच आहे.

खेळपट्टीच्या लौकिकाचेही असेच आहे. ऑक्टोबर २००४ मध्ये सिव्हिल लाइन्सवर ऑस्ट्रेलियाने हिरवळ राखलेल्या खेळपट्टीवर भारताचा ३४२ धावांनी पराभव केला, तेव्हा नागपूर हे वेगवान गोलंदाजांना अनुकूल स्थळ म्हणून गाजले. नोव्हेंबर २०१५ मध्ये जामठ्याला दक्षिण आफ्रिकेचा पहिला डाव ७९ धावांत आटोपला, रविचंद्रन अश्विन यांनी सामन्यात बारा बळी घेतले, सामना तीन दिवसांत संपला आणि आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने खेळपट्टीला ‘निकृष्ट’ असा शेरा दिला. तेव्हा तेच नागपूर फिरकीचा आखाडा ठरले. त्याच जामठ्याला फेब्रुवारी २०१० मध्ये दक्षिण आफ्रिकेच्याच हाशिम आमलाने नाबाद २५३ धावा केल्या होत्या आणि वेगवान गोलंदाज डेल स्टेनने एका डावात ५१ धावांत सात बळी मिळविले होते. एका सामन्यावरून मैदानाचा स्वभाव ठरविता येत नाही. मैदान कोणाच्या देखरेखीखाली व कोणत्या ऋतूत तयार झाले, ही माहिती सरासरीहून अधिक उपयोगी पडते.

जामठ्याच्या पहिल्याच कसोटीत ऑस्ट्रेलियाचा ऑफ-स्पिन गोलंदाज जेसन क्रेझा याने पदार्पण करून पहिल्या डावात २१५ धावांत आठ व दुसऱ्या डावात १४३ धावांत चार बळी घेतले. बाराही बळी खरे होते आणि बाद झालेली फलंदाजीही नामांकित होती. पुढील महिन्यात पर्थ येथे दक्षिण आफ्रिकेविरुद्ध त्याला २०४ धावांत एकच बळी मिळाला व त्याची कसोटी कारकीर्द तेथेच संपली. दोन सामने, तेरा बळी, सरासरी ४३·२३. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे : नागपूरच्या आकड्यांतच सावधगिरीची सूचना होती. बारा बळींसाठी ३५८ धावा मोजाव्या लागल्या होत्या. बळींची संख्या डोळ्यांत भरते. तिची किंमत दुसऱ्या स्तंभात असते.

अल्प नमुन्यावरून मर्यादित का होईना, पण विश्वसनीय अनुमान कसे काढावे, याचे शास्त्रीय उत्तर बेसबॉलने पुरविले. चार्ल्स स्टाइन (१९५६) व नंतर विलर्ड जेम्स आणि स्टाइन (१९६१) यांच्या सिद्धांताचा उपयोग करून ब्रॅडली एफ्रन व कार्ल मॉरिस या सांख्यिकीविज्ञांनी १९७० च्या हंगामातील अठरा फलंदाजांच्या पहिल्या ४५ संधींचा अभ्यास केला. रॉबर्टो क्लेमेंटेने ४५ पैकी १८ वेळा यशस्वी फटका मारला होता, म्हणजे त्याची सरासरी ०·४०० होती. अठराही जणांची मिळून सरासरी ०·२६५ होती. प्रत्येकाचा आकडा या सामूहिक सरासरीकडे बराचसा ओढून घेतला असता, उर्वरित हंगामाविषयीच्या अंदाजातील एकूण वर्ग-त्रुटी तिपटीहून अधिक घटली. क्लेमेंटेचा अंदाज अशा रीतीने ०·२९४ च्या आसपास आला. प्रत्यक्षात उर्वरित हंगामात त्याने ०·३४६ सरासरी राखली. सर्वांना मिळून लाभदायक ठरलेली रीत क्लेमेंटेला न्याय देऊ शकली नाही, कारण त्याने पूर्वी चार वेळा आपल्या लीगमधील सर्वोच्च सरासरी मिळविली होती, हे तिला ठाऊक नव्हते. अल्प नमुना ओढावयाचा तो कोणत्या मध्याकडे, हा खरा कळीचा मुद्दा आहे. खेळाडूचा दीर्घ पूर्वेतिहास उपलब्ध असेल, तर तोच योग्य मध्य होय. नवोदिताच्या बाबतीत त्याच्यासारख्या इतर खेळाडूंची सरासरी घ्यावी लागते.

पोटविभागांनाही हाच विचार लागू पडतो. वीस मैदानांवर खेळलेल्या फलंदाजाचा एखाद्या मैदानावरील आकडा विलक्षण निघाला नाही, तरच नवल. ज्या विभागणीमागे खेळातील समजण्याजोगे कारण असते, उदा., डावखुऱ्या फलंदाजाकडून बाहेर वळणारा चेंडू, तिला थोड्या आकड्यांवरही काही वजन देता येते. कारण सापडत नसेल, तेथे आकड्याची वाट पाहावी. शेतीच्या नमुना-पाहण्यांचे शास्त्र भारतात रुजविणारे पां. वा. सुखात्मे यांच्या क्षेत्रात गरज पडल्यास आणखी शेतांतील पीक कापून नमुना वाढविता येत असे. क्रिकेटमध्ये ती सोय नाही. पुढचा डाव द्यावयाचा की नाही, हाच तर निर्णय असतो.

करुण नायर यांच्या आकडेवारीत हे सर्व प्रश्न एकवटले आहेत. डिसेंबर २०१६ मध्ये चेन्नईला इंग्लंडविरुद्ध त्यांनी नाबाद ३०३ धावा केल्या. २०१७ पर्यंतच्या सहा कसोटींत त्यांच्या ३७४ धावा व सरासरी ६२·३३ झाली. परंतु तो एक डाव वगळल्यास उरलेल्या सहा डावांत ७१ धावाच भरतात. यांपैकी ६२ खरे की १२, असा वाद घालणे व्यर्थ आहे. सात डाव दोहोंपैकी कशाचाही निर्णय देऊ शकत नाहीत. २०२३–२४ पासून दोन हंगाम ते विदर्भाकडून खेळले. २०२४–२५ च्या विजय हजारे करंडक स्पर्धेत अंतिम सामन्यापूर्वी सात डावांत पाच शतकांसह त्यांच्या ७५२ धावा झाल्या होत्या. ते एकदाच बाद झाल्यामुळे सरासरीही ७५२ होती. बडोद्यास जानेवारी २०२५ मध्ये कर्नाटकाविरुद्धच्या अंतिम सामन्यात ते २७ धावांवर बाद झाले आणि सरासरी ३८९·५० वर आली. एका चेंडूने निम्मी होणारी ही संख्या क्षमतेचे माप नव्हे. प्रत्येक डावामागे सुमारे ९७ धावा, हे त्याच कामगिरीचे अधिक समंजस वर्णन होय. त्याच हंगामातील रणजी करंडकात सोळा डावांत त्यांनी ८६३ धावा सुमारे ५४ च्या सरासरीने केल्या. जामठ्याला केरळविरुद्धच्या अंतिम सामन्यात ८६ व १३५ धावा करून विदर्भाच्या तिसऱ्या विजेतेपदात त्यांनी मोठा वाटा उचलला.

या बळावर आठ वर्षांनी त्यांचे कसोटी संघात पुनरागमन झाले. २०२५ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधील चार कसोटींत त्यांच्या धावा ०, २०, ३१, २६, ४०, १४, ५७ व १७ अशा झाल्या, सरासरी २५·६२. वुडच्या श्रेणीनुसार हिशेब केल्यास ४० ची खरी क्षमता असलेल्या फलंदाजाला आठ डावांत इतके किंवा याहून कमी यश साधारणतः सातांपैकी एका वेळी मिळेल. आठपैकी सहा डावांत जम बसल्यानंतर ते बाद झाले होते, हे आकडेवारीपेक्षा प्रत्यक्ष पाहणाऱ्याला अधिक चांगले सांगता येते आणि निवड समितीने त्याचाही विचार केला असणे शक्य आहे. वयाची तेहतिशी व रांगेत असलेले तरुण फलंदाज, या बाबी तर सरासरीच्या कक्षेबाहेरच्या. ऑक्टोबर २०२५ मधील वेस्ट इंडीजविरुद्धच्या मालिकेसाठी त्यांची निवड झाली नाही. त्याच हंगामात ते विदर्भ सोडून कर्नाटकाकडे परतले.