मंत्र्यांचे उत्तरदायित्व

संसदीय शासनपद्धतीत मंत्र्याने आपल्या खात्याच्या कारभाराचा विधिमंडळापुढे जाब देण्याच्या आणि विधिमंडळाचे समाधान करता न आल्यास अधिकारपद सोडण्याच्या बांधिलकीस मंत्र्यांचे उत्तरदायित्व असे म्हणतात. ही बांधिलकी दुहेरी असते. शासनाच्या धोरणाबद्दल सर्व मंत्रिमंडळ एकत्रितपणे जबाबदार असते. ही सामुदायिक जबाबदारी होय. खात्यातील कृत्याबद्दल किंवा हयगयीबद्दल त्या खात्याचा मंत्री एकटा जबाबदार असतो. ही वैयक्तिक जबाबदारी. दोष आणि उत्तरदायित्व या गोष्टी येथे वेगळ्या ठेवाव्या लागतात. चूक कनिष्ठ अधिकाऱ्याची असली, मंत्र्याला तिची वार्ताही नसली, तरी सभागृहात उभे राहून उत्तर द्यावयाचे ते मंत्र्यानेच. अधिकाऱ्याला तेथे प्रवेश नसतो व स्वतःचा बचावही करता येत नाही. या तत्त्वाचा उगम व त्याची खरी अडचण या एकाच वस्तुस्थितीत आहे.

इंग्लंडमध्ये राजाच्या सल्लागारांना जाब विचारण्याचे जुने साधन महाभियोग हे होते. त्यात राजकीय मतभेद आणि गुन्हा यांची गल्लत होई आणि अपयशी मंत्र्याला प्राणांस मुकावे लागण्याचा संभव असे. स्ट्रॅफर्डचा १६४१ मधील शिरच्छेद हे त्याचे ठळक उदाहरण. १७०१ च्या वारसा कायद्याने महाभियोगाविरुद्ध राजाच्या माफीचा आधार घेण्यास मनाई केली. तथापि पुढे ते शस्त्रच मागे पडले. कॉमन्स सभेतील बहुमताचा आधार तुटताच १७४२ मध्ये वॉल्पोलने व १७८२ मध्ये लॉर्ड नॉर्थने पद सोडले आणि दोघेही सुखरूप घरी गेले. मंत्र्याला शिक्षा न करता सत्तेवरून दूर करता येते, हा या दोन घटनांमधून रूढ होत गेलेला संकेत. वैयक्तिक जबाबदारीचे विसाव्या शतकातील गाजलेले उदाहरण १९५४ मधील क्रिचेल डाउनचे. डॉर्सेटमधील एका जमिनीच्या विल्हेवाटीत अधिकाऱ्यांनी मूळ मालकाच्या वारसांना अन्यायाने वागविले, असे जाहीर चौकशीत निष्पन्न झाल्यावर कृषिमंत्री सर टॉमस डगडेल यांनी राजीनामा दिला.

भारतात १९१९ च्या सुधारणा कायद्याने प्रांतांतील ‘सोपीव’ खात्यांपुरती मंत्र्यांची जबाबदारी विधिमंडळाकडे आणली. परंतु तिजोरी राखीव खात्यांत राहिल्याने ती बव्हंशी नाममात्र ठरली. १९३७ मध्ये प्रांतिक स्वायत्तता आल्यावर निराळाच प्रश्न उभा राहिला : मंत्रिमंडळ उत्तरदायी कोणाला, विधिमंडळाला की पक्षाला? मध्य प्रांत-वऱ्हाडचे मुख्य मंत्री डॉ. नारायण भास्कर खरे यांनी जुलै १९३८ मध्ये राजीनामा देऊन, मतभेद असलेल्या सहकाऱ्यांना वगळून नवे मंत्रिमंडळ बनविले. काँग्रेसश्रेष्ठींनी हे पक्षशिस्तीविरुद्ध ठरविले आणि काही दिवसांतच त्यांना पायउतार व्हावे लागले. रविशंकर शुक्ल त्यांच्या जागी आले. या साऱ्या घडामोडीत विधिमंडळाला जवळजवळ काहीच स्थान नव्हते. खऱ्यांच्या वर्तनाविषयी मत काहीही असो, विधिमंडळाऐवजी पक्षाच्या कार्यकारिणीने मंत्रिमंडळाचा निवाडा करण्याचा पायंडा येथे पडला, असे म्हणावे लागते.

संविधानसभेत ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी या प्रश्नाचा मूलगामी विचार केला. स्थैर्य व उत्तरदायित्व या दोन्ही गुणांची सारखीच हमी देणारी शासनपद्धती उपलब्ध नाही आणि मसुद्याने उत्तरदायित्वाला अधिक मोल दिले आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. अमेरिकी पद्धतीत शासनाची परीक्षा ठराविक मुदतीने होते. संसदीय पद्धतीत मतदार ती निवडणुकीत घेतात आणि सभासद प्रश्न, ठराव व चर्चा यांच्याद्वारे ती रोज घेतात. संविधानाच्या अनुच्छेद ७५ (३) नुसार मंत्रिमंडळ लोकसभेला सामुदायिक रीत्या जबाबदार आहे. राज्यांसाठी तशीच तरतूद अनुच्छेद १६४ (२) मध्ये आहे. वैयक्तिक जबाबदारीचा असा स्वतंत्र उल्लेख मात्र संविधानात नाही. ती संकेतावर सोडलेली आहे आणि संकेत घडतात ते प्रत्यक्ष प्रसंगांतून.

असे दोन प्रसंग १९५६ मध्ये घडले. अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी मुंबई शहर महाराष्ट्रापासून वेगळे ठेवण्याच्या प्रश्नावर जानेवारीत देऊ केलेला राजीनामा जुलैमध्ये स्वीकारण्यात आला. मुंबईविषयीचा निर्णय मंत्रिमंडळात रीतसर विचार न होताच घोषित झाला, तसेच मुंबईतील गोळीबाराची न्यायालयीन चौकशी नाकारली गेली, असे त्यांचे आक्षेप होते. पहिला आक्षेप पंतप्रधान नेहरूंनी अमान्य केला. महाराष्ट्रात हा राजीनामा साहजिकच अस्मितेच्या अंगाने स्मरणात राहिला. त्यातील घटनात्मक मुद्दा, म्हणजे ज्या निर्णयात सहभाग नाही त्याची सामुदायिक जबाबदारी मंत्र्याने का वाहावी हा, दुर्लक्षित राहिला. दुसरा प्रसंग रेल्वेमंत्री लालबहादूर शास्त्रींचा. सप्टेंबरात महबूबनगरजवळील अपघातात शंभराहून अधिक प्रवासी दगावले तेव्हा त्यांनी देऊ केलेला राजीनामा नेहरूंनी स्वीकारला नाही. २३ नोव्हेंबर रोजी तमिळनाडूतील अरियलूर येथे पूल खचून १४० हून अधिक बळी गेल्यावर तो स्वीकारला गेला. शास्त्रींचा यात दोष नाही, पण घटनात्मक औचित्याचा पायंडा पडावा, अशी भूमिका नेहरूंनी संसदेत मांडली.

या तत्त्वाची खरी कसोटी मुंद्रा प्रकरणात लागली. देशमुखांच्याच कारकीर्दीत आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले होते आणि २४५ विमासंस्थांचा कारभार एकत्र करून १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ अस्तित्वात आले. लक्षावधी सामान्य विमेदारांची बचत एका सरकारी संस्थेच्या हाती आली. जून १९५७ मध्ये या महामंडळाने कलकत्त्याचे उद्योगपती हरिदास मुंद्रा यांच्याशी संबंधित सहा कंपन्यांचे सुमारे १ कोटी २४ लाख रुपयांचे भाग खरेदी केले. यांत रिचर्ड्‌सन अँड क्रूडास, जेसप, ब्रिटिश इंडिया कॉर्पोरेशन इत्यादींचा समावेश होता. मुंद्रा त्या वेळी आर्थिक अडचणीत होते. महामंडळाच्या गुंतवणूक समितीचा सल्ला आधी घेतला गेला नाही आणि काही भागांची किंमत बाजारभावाहून अधिक दिली गेली.

विशेष असे, की हे प्रकरण उजेडात आणले ते सत्ताधारी पक्षाच्याच सभासदांनी. राम सुभग सिंह यांनी सप्टेंबर १९५७ मध्ये प्रश्न विचारला. उत्तरांनी समाधान न झाल्याने १६ डिसेंबर रोजी रायबरेलीचे सभासद व पंतप्रधानांचे जावई फिरोझ गांधी यांनी लोकसभेत सर्व व्यवहाराची साधार चिरफाड केली. शासनाने जानेवारी १९५८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश महंमद करीम छागला यांचा एकसदस्य आयोग नेमला. छागलांनी चौकशी मुंबईत आणि उघडपणे चालविली. श्रोत्यांची गर्दी एवढी होई, की ध्वनिक्षेपक लावावे लागले. अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी, अर्थखात्याचे प्रधान सचिव एच. एम. पटेल आणि महामंडळाचे वरिष्ठ अधिकारी यांच्या साक्षी लोकांनी प्रत्यक्ष ऐकल्या व वृत्तपत्रांत सविस्तर वाचल्या. कलकत्त्याचा भागबाजार सावरण्यासाठी खरेदी केली, हे समर्थन बाजारातील जाणकारांच्या साक्षींपुढे टिकले नाही.

पेच होता तो संमतीचा. मंत्र्यांची संमती होती, असे पटेल म्हणत. आपण ती दिली नव्हती, असे कृष्णम्माचारी म्हणत. कागदावर लेखी आदेश नव्हता. मंत्री आणि सचिव उघड चौकशीत परस्परविरुद्ध उभे राहिले, हे दृश्य भारतीय प्रशासनाला नवे होते. यातील कोण खरे, या प्रश्नापाशी छागला थांबले नाहीत. व्यवहार कळल्यानंतरही मंत्र्यांनी तो नाकारला नाही, हे त्यांनी नोंदविले आणि त्यापुढे जाऊन, सचिवाच्या कृतीची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याचीच, सचिवाला पुढे करून ती टाळता येत नाही, असा निष्कर्ष काढला. सुमारे महिन्याभरात, १० फेब्रुवारी १९५८ रोजी, अहवाल सादर झाला. कृष्णम्माचारींनी राजीनामा दिला आणि त्या वर्षीचा अर्थसंकल्प स्वतः पंतप्रधानांनी मांडला. नेहरूंनी त्यांच्या सचोटीविषयी विश्वास व्यक्त केला होता. १९६२ मध्ये ते मंत्रिमंडळात परतले व १९६३ मध्ये पुन्हा अर्थमंत्री झाले. उत्तरदायित्वापोटी दिलेला राजीनामा हा दोषसिद्धीचा शिक्का नव्हे, या तत्त्वाला धरूनच हे झाले, असे म्हणता येईल. अधिकाऱ्यांच्या वाट्याला आलेले भोग मात्र वेगळे होते. न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांच्या मंडळाने त्यांच्या वर्तनाची निराळी चौकशी केली आणि पटेलांची शासकीय कारकीर्द संपली. १९७७ मध्ये जनता पक्षाच्या राजवटीत तेच अर्थमंत्री झाले, हा इतिहासाचा एक योगायोग.

या प्रकरणात ठरावावर मत टाकून लोकसभेने मंत्र्याला घालविले नाही. बहुमत पाहता ते शक्यही नव्हते. निर्णायक ठरली ती चौकशीची प्रसिद्धी. पुढच्या काळाशी तुलना करता हे अधिक स्पष्ट होते. सिराजुद्दीन प्रकरणी खाणमंत्री केशवदेव मालवीय यांची चौकशी न्यायमूर्ती एस. के. दास यांनी खाजगी रीत्या केली. मालवीयांनी १९६३ मध्ये पद सोडले; अहवाल प्रसिद्ध झाला नाही. चिनी आक्रमणानंतर १९६२ मध्ये संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना जावे लागले ते मुख्यतः पक्षांतर्गत दडपणामुळे. पराभवाची लष्करी चिकित्सा करणारा हेंडरसन ब्रुक्स अहवाल शासनाने प्रकाशित केलेला नाही. पंजाबचे मुख्य मंत्री प्रतापसिंग कैराँ यांनी १९६४ मध्ये एस. आर. दास आयोगाच्या अहवालानंतर राजीनामा दिला, तो अपवाद म्हणावा लागेल. सामुदायिक जबाबदारीचे अस्त्र या काळात बोथटच होते. लोकसभेतील पहिला अविश्वासाचा ठराव आचार्य कृपलानींनी ऑगस्ट १९६३ मध्ये मांडला व तो ६२ विरुद्ध ३४७ मतांनी फेटाळला गेला. त्यानंतर असा एकही ठराव संमत झालेला नाही. १९९०, १९९७ व १९९९ मध्ये केंद्रातील सरकारे पडली, ती विश्वासदर्शक ठराव हरल्याने.

महाराष्ट्राने १९७१ च्या कायद्याने लोकायुक्ताचे पद निर्माण करून इतर राज्यांच्या आधी ही यंत्रणा प्रत्यक्षात आणली. त्या कायद्यातील ‘मंत्री’ या संज्ञेतून मुख्य मंत्र्यांना वगळले होते आणि लोकायुक्ताचा अहवाल शिफारशीच्या स्वरूपाचा होता. मुख्य मंत्री अ. र. अंतुले यांनी जानेवारी १९८२ मध्ये राजीनामा दिला तो सिमेंटवाटपाविषयी मुंबई उच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर. म्हणजे जाब विचारण्याचे स्थान विधिमंडळाकडून न्यायालयाकडे सरकले होते. नोव्हेंबर २००८ मधील मुंबईवरील हल्ल्यानंतर केंद्रीय गृहमंत्री शिवराज पाटील आणि राज्याचे मुख्य मंत्री व गृहमंत्री पायउतार झाले, तेव्हा शास्त्रींचा दाखला पुन्हा आठवला गेला. केंद्रासाठी लोकपालाचे पहिले विधेयक १९६८ मध्ये आले; कायदा २०१३ मध्ये झाला आणि पहिल्या लोकपालाची नेमणूक मार्च २०१९ मध्ये झाली.

संसदेतील कामकाजाचे खरे वृत्त छापणाऱ्या वृत्तपत्रांना संरक्षण देणारे एक बिनसरकारी विधेयक फिरोझ गांधींनी मांडले होते व १९५६ मध्ये त्याचा कायदा झाला. मुंद्रा प्रकरणातील भाषणे वृत्तपत्रे निर्धास्तपणे छापू शकली त्यामागे हा कायदा होता. आणीबाणीत १९७६ मध्ये तो रद्द करण्यात आला, १९७७ मध्ये पुन्हा संमत झाला आणि चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने, अनुच्छेद ३६१ क द्वारे, त्या संरक्षणाला संविधानातच जागा मिळाली.