स्थूलतेविषयीं एक पत्र

इ. स. १८६३ च्या मे महिन्यांत लंडन शहरीं एक लहानसें चोपडें प्रसिद्ध झालें. लोकांना उद्देशून लिहिलेलें तें पत्र होतें आणि त्याचा विषय होता स्थूलता. लेखकानें पहिल्या दोन आवृत्त्या पदरमोड करून छापल्या व फुकट वांटल्या. हा लेखक वैद्य नव्हे, शास्त्रज्ञ नव्हे, ग्रंथकारही नव्हे. विल्यम बँटिंग हे गृहस्थ शवपेट्या पुरविण्याच्या व प्रेतयात्रांची व्यवस्था पाहण्याच्या धंद्यांतून निवृत्त झालेले होते. धंदा मात्र साधासुधा नव्हता. सेंट जेम्स स्ट्रीटवरील त्यांच्या घराण्याच्या पेढीकडे इंग्लंडच्या राजघराण्यांतील अंत्यविधींचें काम असे, आणि १८५२ सालीं ड्यूक ऑफ वेलिंग्टनची जी अवाढव्य अंत्ययात्रा निघाली तिचीही सिद्धता याच पेढीनें केली होती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या देहाचीं मापें घेणाऱ्या घरांतल्या या माणसाला उतारवयांत स्वतःच्या देहाच्या मापानें जेरीस आणावें, हा दैवाचा विनोदच म्हणावयाचा.

बँटिंग यांची उंची ५ फूट ५ इंच आणि १८६२ च्या ऑगस्टमध्यें वजन २०२ पौंड, म्हणजे आजच्या हिशेबानें सुमारें ९२ किलो. वय पासष्टीच्या घरांत. वांकून बुटाची नाडी बांधतां येत नव्हती. जिना उतरतांना गुडघ्यांवर भार पडूं नये म्हणून ते पाठमोरे उतरत. थोड्या श्रमानें धाप लागे. पण या सर्वांहून त्यांना अधिक झोंबे ती लोकांची थट्टा. भाड्याच्या गाडींत, सभेंत, रस्त्यावर कोणी ना कोणी शेरा मारीच, आणि त्यामुळें त्यांनीं चारचौघांत जाणेंच कमी केलें. लठ्ठ माणूस म्हणजे खादाड व आळशी, ही समजूत त्या काळींही पक्की होती. बँटिंग यांच्या बाबतींत ती सपशेल खोटी होती.

कारण हा मनुष्य तीस वर्षें उपाय करीत होता. एका नामांकित शल्यवैद्यानें व्यायाम वाढविण्यास सांगितलें, तेव्हां ते पहाटे उठून नदीवर तास दोन तास होडी वल्हवूं लागले. स्नायू बळकट झाले, पण भूकही तितकीच खवळली. ती भागवावी तों वजन वाढावें. आपल्याकडील चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत अतिस्थूल माणसाची हीच अडचण नमूद आहे. त्याचा जठराग्नि प्रखर, म्हणून उपास सोसवत नाहीं, आणि खाऊं घालावें तर मेद वाढतो. यासाठीं पोटाला आधार देणारें परंतु पुष्टि थोडी करणारें अन्न तेथें सांगितलें असून त्यांत जव, मूग, कुळीथ यांची गणना केली आहे. बँटिंग यांना असें सांगणारा कोणी भेटला नाहीं. त्यांनीं उपासमार केली, तर अंगावर गळवें उठलीं आणि अशक्तता आली. स्थूलता होती तेथेंच राहिली. समुद्रस्नानें झालीं, आरोग्यस्थानांचें खनिज पाणी पिऊन झालें, वाफेचीं तुर्की स्नानें झालीं. पैसा खर्च झाला, पण पदरीं निराशाच आली.

अखेर गुण आला तो भलत्याच दुखण्याच्या निमित्तानें. त्यांना ऐकूं कमी येऊं लागलें, म्हणून ऑगस्ट १८६२ मध्यें ते विल्यम हार्वे नांवाच्या कानाच्या वैद्याकडे गेले. (रक्ताभिसरणाचा शोध लावणारा हार्वे तो हा नव्हे, तो दोन शतकें आधींचा.) या हार्वेनें पॅरिसमध्यें क्लोद बर्नार यांचीं व्याख्यानें ऐकलीं होतीं. यकृत स्वतः साखर तयार करतें, हा बर्नार यांचा शोध त्या वेळीं नवा होता. साखरेचे व पिठाचे पदार्थ मेद वाढवीत असले पाहिजेत असा तर्क हार्वेनें त्यावरून बांधला, आणि कानाच्या रोग्याला पोटाचें पथ्य सांगितलें.

तें पथ्य समजण्यासाठीं आधींचें जेवण पाहिलें पाहिजे. सकाळीं दूध-पाव, किंवा भरपूर दूध-साखर घातलेला चहा आणि लोणी लावलेला भाजका पाव. दुपारीं मांस, बिअर, पुष्कळसा पाव व गोड पक्वान्न. संध्याकाळीं पुन्हां सकाळसारखाच चहा-पाव. रात्रीं फळांची मिठाई किंवा दूध-पाव. यांत मेजवानी कोठेंच नाहीं. कोणत्याही सुखवस्तु इंग्रज घरांत बिनबोभाट खाल्लें जाणारें तें रोजचें अन्न होतें, आणि म्हणूनच त्याच्याकडे तीस वर्षें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. हार्वेनें पाव, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटे हे जिन्नस काढून घेतले. दिवसांतून चार वेळां खाण्यास मोकळीक होती, परंतु औंसांच्या मापानें: मांस किंवा मासळी, बटाटा वगळून भाज्या, थोडीं फळें, बिनसाखरेचा व बिनदुधाचा चहा, आणि एका वेळीं फार तर एक औंस कोरडा भाजका पाव. क्लॅरेट मद्याचे पेलेही त्यांत होते. ती सवलत आजचा कोणताही डॉक्टर वजन उतरविण्यासाठीं देणार नाहीं.

वजन आठवड्यास सरासरी एका पौंडाहून कमी वेगानें उतरत गेलें. चमत्कार म्हणावा असें त्यांत कांहींच नव्हतें. बँटिंग यांनीं तारखांसह वजनांचें कोष्टक ठेविलें आणि पत्रांत छापलें. सप्टेंबर १८६३ मध्यें तें १५६ पौंडांवर आलें होतें, म्हणजे वर्षभरांत ४६ पौंड उतरले आणि कमरेचा घेर १२ इंचांवर घटला. ते जिना समोर तोंड करून उतरूं लागले, बूट स्वतःच्या हातांनीं बांधूं लागले. कानही सुधारले.

पत्राची तिसरी आवृत्ति विक्रीस ठेवावी लागली, इतकी मागणी आली. तिचा नफा बँटिंग यांनीं धर्मादाय संस्थांना दिला. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रानें मात्र त्यांना, वैद्यकाच्या वाटेस न जातां आपला धंदा पाहावा, असें सुनावलें. यांत वैद्यांचा अभिमान किती आणि काळजी किती हें ठरविणें कठीण. त्यांची शंका अगदींच निराधार होती असेंही नाहीं, कारण हार्वेचा तर्क अर्धाच खरा होता. पाव, साखर, लोणी व बिअर गेल्याबरोबर दिवसाचें एकंदर अन्नच घटलें, आणि मांसमासळीमुळें भूक आटोक्यांत राहिली. एरवीं उपास सोसवत नसलेल्या माणसाला हें पथ्य झेपलें तें यामुळेंच, असें आजचें आहारशास्त्र म्हणेल.

बँटिंग १८७८ सालीं, वयाच्या ८१ व्या वर्षीं वारले. त्यांच्या नांवावरून इंग्रजींत, पथ्यानें वजन उतरविणें या अर्थाचें क्रियापद रूढ झालें. तें पुढें मागें पडलें. स्वीडिश भाषेंत मात्र तें टिकून आहे, आणि स्टॉकहोममधील एखादी गृहिणी ‘बान्ता’ करीत असल्याचें आजही सांगते तेव्हां लंडनच्या त्या शवपेटीवाल्याचेंच नांव ती घेत असते.