वीज कोणाकडून घ्यायची? कोरमंगलातील नवे घर आणि मुंबईतील जुना प्रयोग

केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये विद्युत कायद्यातील दुरुस्तीचा नवा मसुदा प्रसिद्ध केला. एकाच क्षेत्रात, एकाच वितरण जाळ्यावरून एकापेक्षा अधिक कंपन्यांना वीज विकता यावी, असा त्यातील एक प्रस्ताव आहे. ही कल्पना नवी नाही. 8 ऑगस्ट 2022 रोजी लोकसभेत मांडलेल्या विधेयकातही ती होती. ते विधेयक संसदीय स्थायी समितीकडे गेले आणि त्याचा कायदा झाला नाही. त्याच्याही आधी, 2009 मध्ये, मुंबईच्या उपनगरांत हा प्रयोग प्रत्यक्षात होऊन गेला होता. आज जी चर्चा चालू आहे, तिची बरीचशी उत्तरे त्या प्रयोगात सापडतात.

बंगळुरूच्या कोरमंगला भागात पहिले घर घेणाऱ्या कुटुंबाचा विचार करू. गृहकर्जासाठी बँका अनेक, इंटरनेटसाठी कंपन्या अनेक. विजेच्या अर्जावर मात्र एकच नाव असते, बेसकॉम. मीटर आपल्या नावावर करून घेणे, मंजूर भार ठरवणे आणि बिल भरणे एवढेच त्या कुटुंबाच्या हाती असते. पुरवठादार कोण, हे त्याच्यासाठी फार पूर्वीच ठरून गेलेले आहे.

ते कसे ठरले, याची सुरुवात कावेरीकाठी होते. म्हैसूर संस्थानाने शिवनसमुद्र येथे जलविद्युत केंद्र उभारले आणि 1902 मध्ये तेथील वीज कोलारच्या सोन्याच्या खाणींना मिळू लागली. सुमारे 150 किलोमीटरची ती वाहिनी त्या काळी जगातील सर्वांत लांब वाहिन्यांपैकी एक होती. विजेचा पहिला ग्राहक घर नव्हते, खाण होती. मोठा आणि नियमित पैसे देणारा असा ग्राहक हाताशी असल्यामुळेच इतका खर्च परवडला. बंगळुरू शहराला वीज मिळाली ती त्यानंतर, ऑगस्ट 1905 मध्ये. पुढे 1957 मध्ये राज्य विद्युत मंडळ आले, 1999 मध्ये त्याची कंपनी झाली आणि 2002 मध्ये वितरणाचे काम विभागवार कंपन्यांकडे गेले. बेसकॉमचा जन्म त्या वेळचा. नावे बदलली, पण दाराशी येणारी तार एकच राहिली.

यामागे अर्थशास्त्राचे साधे गणित आहे. एका रस्त्यावर दोन कंपन्यांनी खांब, केबल आणि रोहित्रे उभारली तर खर्च जवळजवळ दुप्पट होतो, वीज मात्र तेवढीच विकली जाते. अशा व्यवसायाला नैसर्गिक मक्तेदारी म्हणतात. विद्युत कायदा, 2003 याने ही कोंडी दोन बाजूंनी फोडण्याचा प्रयत्न केला. एकाच क्षेत्रात दुसऱ्या परवानाधारकाला स्वतःचे जाळे टाकून येण्याची मुभा दिली. शिवाय मोठ्या ग्राहकांना दुसऱ्याच्या तारेवरून वीज आणण्याचा हक्क, म्हणजे खुला प्रवेश दिला. त्याची मर्यादा 1 मेगावॉट होती. हरित ऊर्जेसाठी 2022 च्या नियमांनी ती 100 किलोवॉटवर आणली. पाच-सहा किलोवॉट भार असलेले घर दोन्ही मर्यादांच्या कितीतरी खाली राहते.

मुंबईत मात्र इतिहासाने वेगळी परिस्थिती निर्माण केली होती. शहराला वीज देणारी कंपनी 1905 मधली. 1947 मध्ये ती महापालिकेकडे आली आणि बेस्ट झाली. उपनगरांसाठी 1929 मध्ये बीएसईएस स्थापन झाली. तिचे क्षेत्र पुढे रिलायन्सकडे आणि 2018 मध्ये अदानी समूहाकडे गेले. या दोन्हींच्या मागे टाटांची वीज होती. खोपोलीचे जलविद्युत केंद्र 1915 मध्ये सुरू झाले आणि गिरण्यांना वीज मिळू लागली. टाटा वीज बनवीत आणि मोठ्या ग्राहकांना व वितरकांना ती देत; घरोघरी ती पोचवीत ते दुसरेच.

टाटांच्या जुन्या परवान्यांत लहान ग्राहकांना थेट वीज विकण्याची मुभा आहे की नाही, या प्रश्नावर दीर्घ वाद झाला. 8 जुलै 2008 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती आहे असा निर्णय दिला. टाटांकडे उपनगरांत घरोघरी जाणारी तार नव्हती. तेव्हा महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने ऑक्टोबर 2009 मध्ये मार्ग काढला: ग्राहकाने तार रिलायन्सचीच वापरावी, वीज टाटांकडून घ्यावी आणि तारेच्या वापराबद्दल वहन आकार भरावा. टाटांचा दर त्या वेळी कमी असल्याने ग्राहक वळू लागले. भारतातील सामान्य घराला वीजपुरवठादार निवडता आल्याचे हे दुर्मीळ उदाहरण होय.

येथे भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याने क्षणभर थांबावे. पुरवठादार बदलल्यावर त्या घरात आलेली वीज खरोखर बदलली का? नाही. प्रत्यावर्ती प्रवाहात तारेतले इलेक्ट्रॉन सेकंदाला 50 वेळा मागे-पुढे होतात आणि त्यांची ही हालचाल मायक्रोमीटरच्या घरातली असते. खोपोलीचा इलेक्ट्रॉन अंधेरीला कधीच पोचत नाही. प्रवास करते ती ऊर्जा, आणि ती परिपथाचे नियम पाळते, करारनामे नव्हे. सर्व केंद्रे एका सामाईक जाळ्यात ऊर्जा घालतात, सर्व घरे त्यातून ती उचलतात. टाटांचा ग्राहक आणि त्याच्या भिंतीपलीकडचा रिलायन्सचा ग्राहक एकाच रोहित्रावर होते. वीज गेली तर दोघांचीही जात होती. बदलला होता तो हिशेब: कोणी किती युनिटे जाळ्यात घातली, कोणाच्या ग्राहकांनी किती उचलली आणि पैसे कोणाला द्यायचे.

हिशेब क्षुल्लक मात्र नव्हता. भारतातील वीजदरांत क्रॉस सबसिडी असते. जास्त वापरणारी घरे, दुकाने आणि कार्यालये चढा दर देतात, त्यातून कमी वापरणाऱ्यांचा दर आवाक्यात राहतो. चढा दर देणारा ग्राहक निघून गेला की मागे उरलेल्यांवरील भार वाढतो. म्हणून आयोगाने 2011 मध्ये पुरवठादार बदलणाऱ्या ग्राहकांवर क्रॉस सबसिडी अधिभार लावला. मोठ्या वापराचे ग्राहक तेवढे निवडून घेतले जातात, असा आक्षेपही आयोगापुढे आला. त्यामुळे ऑगस्ट 2012 च्या आदेशाने जुन्याच तारेवरून टाटांकडे वळण्याची मुभा काही काळ दरमहा 300 युनिटांपर्यंत वापर असणाऱ्या घरांपुरतीच ठेवण्यात आली. निवडीचा हक्क दिल्यानंतर तीन वर्षांतच तो प्रथम कोणाला मिळावा, हे ठरवण्याची वेळ आली.

घरगुती ग्राहकांसाठी बाजार पूर्ण खुला करणाऱ्या ब्रिटनचा अनुभवही पाहण्याजोगा आहे. तेथे 1998-99 मध्ये प्रत्येक घराला वीजपुरवठादार निवडता येऊ लागला. दोन दशके स्पर्धा वाढत गेली. पुढे 2021 मध्ये वायूचे घाऊक भाव भडकले, आणि काही महिन्यांत सुमारे 30 पुरवठादार कंपन्या बुडाल्या. त्यांच्या ग्राहकांच्या घरी अंधार झाला नाही, कारण तारा दुसऱ्यांच्या होत्या आणि ग्राहकांना अन्य कंपन्यांकडे सोपवण्याची सोय होती. त्या व्यवस्थेचा खर्च मात्र सर्वांच्या बिलांतून वसूल झाला. स्वस्त दर देणाऱ्या कंपनीने पुढच्या हिवाळ्याची वीज आधीच करारबद्ध केली आहे का, हे ग्राहकाला दिसत नव्हते.

कोरमंगलातील कुटुंबाकडे आज अशी निवड नाही, पण एक वेगळी निवड त्याच्या डोक्यावर आहे. छतावर 1 किलोवॉटचे सौर पॅनेल बसवले तर दिवसाला सरासरी सुमारे 4 युनिटे मिळतात. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत 1 किलोवॉटला 30,000, 2 किलोवॉटला 60,000 आणि 3 किलोवॉट वा अधिकला 78,000 रुपये केंद्रीय अनुदान आहे. दुपारी उरलेली वीज जाळ्यात जाते, प्रत्यक्षात बहुधा शेजारच्याच घरात वापरली जाते, आणि नेट मीटरिंगच्या हिशेबात ती जमा होते. रात्री तेच घर जाळ्यातून वीज घेते. म्हणजे हे कुटुंब काही अंशी स्वतःच पुरवठादार बनते.

मुंबईचा प्रश्न येथे नव्या रूपात परततो. स्वतःचे छत असलेले घर बेसकॉमकडून कमी युनिटे घेईल. खांब, रोहित्रे आणि रात्री-अपरात्री दुरुस्तीला धावणारे वायरमन यांचा खर्च मात्र तेवढाच राहील. भाड्याच्या खोलीत राहणारा विद्यार्थी किंवा बहुमजली इमारतीतील चौथ्या मजल्यावरचे कुटुंब छताअभावी मागे राहील, आणि तो खर्च त्यांच्या वाट्याला अधिक येईल. स्थिर आकार किती असावा, जाळ्यात दिलेल्या युनिटाला काय भाव द्यावा, यांवरचे वाद वरवर रुक्ष वाटतात. वास्तविक ते याच खर्चाच्या वाटणीचे वाद आहेत.

शिवनसमुद्रची वाहिनी एका मोठ्या ग्राहकाच्या बळावर उभी राहिली आणि शहराला तिचा लाभ झाला. मोठा ग्राहक जाळ्यात असतो तेव्हा लहानाला आधार मिळतो, हे 1902 मध्येही खरे होते आणि 2012 मध्ये मुंबईतही. नव्या मसुद्यातील तरतुदी वाचताना म्हणून केवळ स्वस्त दराचे आश्वासन पाहून चालणार नाही. तारेचा खर्च कोण देणार, आणि ज्याला दुसरीकडे जाता येत नाही त्याला वीज देण्याची जबाबदारी कोणाची, या दोन प्रश्नांची उत्तरे त्यात शोधावीत. पहिल्या घराच्या मीटरपाशी उभ्या असलेल्या कुटुंबाला यांपैकी काहीच दिसत नाही; त्याच्या बिलात मात्र ते सारे दर महिन्याला येत असते.