मुंबई-मालवणची कामे आणि मोबाइलमधील यादी

कामांची यादी ही मराठी घराला नवी नाही. कालनिर्णयच्या चौकटींत दुधाचे खाडे, गॅस सिलिंडर आल्याची तारीख आणि विम्याचा हप्ता वर्षानुवर्षे एकत्र नांदत आले आहेत. १९७३ साली हे कॅलेंडर सुरू करणारे जयंतराव साळगावकर मूळचे मालवणचे. त्याच मालवण तालुक्यातील कितीतरी कुटुंबे आज निम्मी गावी आणि निम्मी मुंबई-ठाण्यात राहतात. कॅलेंडर मात्र एका वेळी एकाच भिंतीवर टांगता येते. मोबाइलमधील यादीचा विचार करायचा तो या अडचणीपासून.

तारकर्ली, देवबाग, वायरी या किनारी गावांत घरगुती निवास-न्याहारीचा व्यवसाय वाढला आहे. पर्यटकाचा फोन डोंबिवलीतला भाऊ घेतो आणि खोली देवबागेत वहिनी झाडून ठेवते. दोघांच्या वह्या वेगळ्या असल्या, की ऐन मे महिन्यात एकाच खोलीवर दोन कुटुंबे दारात उभी राहतात. म्हणून पहिली कसोटी वाटून घेण्याची. मायक्रोसॉफ्ट टू डू आणि टुडुइस्ट यांत संपूर्ण यादी दुसऱ्यासह वापरता येते. गुगल कीपमध्ये चौकोन असलेली टीप वाटता येते. गुगल टास्क्स सुटसुटीत आहे. पण वैयक्तिक खात्यातील यादी त्यात दुसऱ्याला देता येत नाही. एकट्याच्या कामांसाठी ते पुरेसे, दोन घरांच्या कारभाराला नाही.

दुसरी कसोटी अधिक महत्त्वाची असून जाहिरातींत तिचा उल्लेखही आढळत नाही. ही सर्व साधने इंग्रजी तारखेवर चालतात. 'दरवर्षी आठवण करा' असे सांगितले, की ती तीच तारीख धरतात. गणेश चतुर्थी २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला, तर २०२५ मध्ये २७ ऑगस्टला आली. चाकरमान्याला चतुर्थीपेक्षाही महत्त्वाचा असतो तो रेल्वे आरक्षण उघडण्याचा दिवस. ही मुदत पूर्वी १२० दिवसांची होती. १ नोव्हेंबर २०२४ पासून ती ६० दिवसांवर आली. म्हणजे २५ ऑगस्ट २०२५ च्या गाडीचे आरक्षण २६ जूनला सकाळी ८ वाजता उघडले. त्या दिवशी दहा वाजता जागे होणाऱ्याला प्रतीक्षायादीवरच समाधान मानावे लागते. आधीच्या वर्षाची आठवण यंत्राने आपोआप पुढे ढकलली असेल, तर ती नेमकी चुकीच्या दिवशी वाजेल. मुदत बदलल्यामुळे तर तिचा हिशेबच उरला नाही.

आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा याहून पुढची. तिला ठरलेली तिथीही नाही. देवीचा कौल घेऊन तारीख दरवर्षी ठरते. अशा कामासाठी 'तारीख नाही' असा रकाना मोकळा ठेवू देणारे साधनच उपयोगी. भरती-सुकतीचेही तसेच. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते, असा कोकणातला जुना हिशेब आहे. अष्टमीला साधारण सहा वाजता. कोणत्याही ॲपच्या 'रोज' या पर्यायात हे बसत नाही.

याचा अर्थ पुनरावृत्तीची सोय निरुपयोगी असा नव्हे. घरपट्टी, विमा, होडीच्या परवान्याचे नूतनीकरण, अलीकडच्या वर्षांत १ जून ते ३१ जुलै अशी राहिलेली यांत्रिक नौकांची मासेमारीबंदी, ही कामे खुशाल यंत्रावर सोपवावीत. तिथीची कामे मात्र नवे कॅलेंडर घरी आले, की तासभर बसून एकेक करून भरावीत. हा तास कंटाळवाणा असतो, आणि त्याला पर्याय नाही.

पावसाळ्यात किनाऱ्यावर वीज आणि मोबाइलचे जाळे यांचा भरवसा नसतो. मे २०२१ मधील तौक्ते वादळानंतर सिंधुदुर्गातील अनेक गावे कित्येक दिवस अंधारात होती. तेव्हा निवडलेले साधन इंटरनेटविना उघडते का, हे एकदा मोबाइल विमान-स्थितीत ठेवून तपासावे. यादी दिसणे आणि ती दुसऱ्यापर्यंत पोहोचणे या भिन्न गोष्टी आहेत: जाळे परत येईपर्यंत देवबागेत केलेली खूण डोंबिवलीत दिसणार नाही. वादळी दिवसांत फोनवर बोलून घेणे श्रेयस्कर, आणि चार्जिंग संपण्याआधी आठवडाभराच्या आरक्षणांची यादी कागदावर उतरवणे त्याहून.

साधन बंद पडण्याची शक्यताही गृहीत धरावी. वुंडरलिस्ट हे एके काळचे अत्यंत लोकप्रिय साधन मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये विकत घेतले आणि ६ मे २०२० रोजी बंद केले. आपली यादी साध्या फाइलच्या रूपात बाहेर काढता येते का, हे नोंदणी करण्यापूर्वीच पाहावे.

भाषेची कसोटी मात्र तुलनेने सोपी आहे. मराठी कळफलक असला, की कोणत्याही साधनात देवनागरीत लिहिता येते, आणि बोलून लिहिण्याची सोयही मराठीत उपलब्ध आहे. प्रमाण मराठी ती बऱ्यापैकी उतरवते. मालवणीत बोलल्यास जे उमटते, ते वाचून घरात करमणूक होते. घरातील वडीलधाऱ्यांना मेनू इंग्रजी असल्यामुळे अडते, म्हणून मोबाइलची भाषा मराठी केल्यावर साधनाचे मेनू बदलतात का, हे त्यांच्या हातात फोन देऊनच पाहावे.

या कसोट्या लावल्या तर बहुतेक घरांना मायक्रोसॉफ्ट टू डू किंवा गुगल कीप यांपैकी एक पुरेसे ठरेल, आणि दोन्ही मोफत आहेत. पैसे देऊन प्रकल्प, रंग, प्राधान्यक्रम घेण्याची घाई करू नये. प्रारंभी 'खोल्या', 'प्रवास' आणि 'घर' अशा तीनच याद्या कराव्यात. खोल्यांच्या यादीत कोणी लिहायचे, हेही आधी ठरवावे: आरक्षण घेणारा लिहील, खोली देणारा फक्त खूण करील.